एका वाफ्यात दोनदा नाही

तात्या भोर एका न्हाव्याकडे लागोपाठ दोनदा दाढी करत नसत. बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन सलून आहेत आणि तिन्हींत त्यांची पाळी ठरलेली होती. सकाळी दुधाला डावीकडच्या रस्त्यानं गेले की संध्याकाळी किराणा आणायला उजवीकडून जायचे. सोसायटीच्या मीटिंगला गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या की आधी सगळीकडे नजर फिरवणार, गेल्या खेपेला आपण कुठे बसलो होतो ते आठवणार आणि तिथून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन बसणार. जिना आमचा एकच, त्याला इलाज नव्हता. तर एक दिवस कठड्याच्या बाजूनं उतरायचे, दुसऱ्या दिवशी भिंतीच्या. बिल्डिंगमधली पोरं वात्रट. "तात्या, काल पण भिंतीकडूनच उतरलात!" असं खालून ओरडायची, आणि साठी उलटून आठ वर्षं झालेला हा माणूस अर्ध्या जिन्यात थबकून खरोखरच आठवत उभा राहायचा.

मीही हसायचे. मी उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं आणि तपासायचं काम करते. आमचे सिंधी मालक, ज्यांना सगळे साईं म्हणतात, ते कौतुकानं सांगतात की या बाईच्या हातात सुई असली की पेशंट ओरडायला घाबरतो. वीस वर्षं लोकांची भीती जवळून पाहिल्यामुळे भित्र्या माणसांबद्दल मला फारशी माया उरलेली नाही. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' हे मी तात्यांना तोंडावर ऐकवलेलं आहे. ते रागावले नाहीत. "आसंल, ताई," म्हणाले आणि माझ्या हातात लाल माठाची जुडी ठेवून वर गेले.

माठ त्यांच्या वाफ्यातला. तात्या मूळचे जुन्नरकडचे. तरुणपणी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले, तिथूनच रिटायर झाले, पण हात शेतकऱ्याचे राहिले ते राहिलेच. आमच्या बिल्डिंगच्या मागे बिल्डरनं कशासाठी तरी सोडलेली लांबट जागा आहे. तिथे विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे आणि रानटी गवत होतं. तात्यांनी दोन वर्षं खपून ते उपसलं, नदीकाठचा गाळ आणला, तबेल्यातलं शेणखत आणलं आणि चार वाफे पाडले. चारच. पाचवा पाडायला जागा होती, पण "चाराचा फेरा बराबर बसतो" म्हणून नाही पाडला.

तो फेरा समजल्याशिवाय तात्या समजायचे नाहीत, म्हणून सांगते. त्यांच्या बोलण्यात एक शब्द फार यायचा, बेवड. आधीचं पीक निघून गेल्यावर जमिनीत जे काही मागे ठेवून जातं, चांगलं किंवा वाईट, ते म्हणजे बेवड. रविवारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले की ते खुरपं बाजूला ठेवून मला शिकवायला बसायचे.

"वांगं हावरट, ताई. आन् मिरची, टमाटा, बटाटा ही समदी वांग्याची भावकी. एकानं उष्ट्या केलेल्या ताटात त्याच्याच भावाला बसवायचं न्हाय. खायला काय ऱ्हात न्हाय, आन् पैल्याची रोगराई तेवढी वाट बघत बसलेली आसती. वांग्यामागनं चवळी आणायची, घेवडा आणायचा. शेंगवाले देऊन जात्यात. मग पालेभाजी. मग वेल. तीन वरसं गेल्यावर वांग्यानं परत त्या वाफ्यात यायचं. एका वाफ्यात दोनदा न्हाय."

"मग मेथी पालेभाजीत ना?" मी एकदा हुशारी दाखवली.

"दिसायला पाला, जात शेंगेची," तात्या म्हणाले. "मेथी चवळीच्या मागं नका लावू. सोयरीक एकाच घरात व्हती."

कुठल्या वाफ्यात कोणत्या साली काय होतं ते त्यांना तोंडपाठ असे. वही नाही, पाटी नाही. भाजी निघाली की पिशव्या करून दारांच्या कड्यांना अडकवायचे. त्यातही फेरा होताच. एका आठवड्याला पहिला मजला, पुढच्या आठवड्याला दुसरा. त्या दोडक्याची आणि घेवड्याची चव मला बाजारात कधी मिळाली नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

एका रविवारी माझ्या कुंडीत मिरचीचं रोप फार दाटलं होतं. मागे भिंतीकडचा वाफा रिकामा दिसला, म्हणून मी ते तिथे लावून टाकलं. महिन्यापूर्वी तिथूनच वांगी उपटली होती हे मला आठवायचं काही कारण नव्हतं. संध्याकाळी बेल वाजली. दारात तात्या, आणि वर्तमानपत्रात मातीसकट गुंडाळलेलं माझं रोप.

"ताई, हे तिथं नका लावू."

"अहो तात्या, एक मिरची! एका मिरचीनं काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांनी कागद इतका आवळून धरला होता की फाटलेल्या घडीतून माती माझ्या स्वच्छ पुसलेल्या लादीवर सांडत होती. मला वाटलं, म्हातारा संतापला. मीही तडकून काहीतरी बोलणार होते. मग चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ कोरडे पडले होते आणि डोळे माझ्याकडे नव्हतेच, रोपाकडे होते. असा चेहरा मी रोज बघते. रिपोर्टचं पाकीट हातात घेऊन, ते न उघडता उभ्या असलेल्या माणसाचा तो चेहरा असतो.

"तुमाला ठावं न्हाय," ते हळूच म्हणाले. "म्या लावलं व्हतं एकदा." आणि रोप माझ्या हातात देऊन गेले.

काय लावलं होतं आणि काय झालं, ते मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. अश्विनी, एकुलती एक. अंबरनाथ पूर्वेला दिलेली. मला मावशी म्हणते आणि वडिलांपेक्षा माझ्याशी जास्त बोलते.

तात्या रिटायर झाले त्या वर्षी टोमॅटो असा काही लागला की सगळी बिल्डिंग नावाजू लागली. स्तुती कोणाला नको असते? तात्यांनी पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात पुन्हा टोमॅटो लावला. त्याच्या पुढच्या वर्षीही. जन्मभर फेरपालट सांगणारा माणूस, पण मोह पडला. तिसऱ्या वर्षी झाडं उभ्या उभ्या सुकली. उपटून पाहिली तर मुळं आल्याच्या कुड्यांसारखी सुजलेली. आणि त्याच महिन्यात काकूंना, म्हणजे अश्विनीच्या आईला, न्यूमोनिया झाला. तशा त्या आदल्या वर्षीही आजारी पडून उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात राहिल्या होत्या आणि ठणठणीत होऊन परत आल्या होत्या. म्हणून तात्यांनी या खेपेलाही तेच हॉस्पिटल धरलं. तेवढंच नाही, सिस्टरच्या हातापाया पडून तीच खिडकीजवळची खाट मागून घेतली. शकुनाची खाट म्हणून. काकू त्या खाटेवरून उठल्या नाहीत.

"आधी बाबा असे नव्हते हो मावशी," अश्विनी म्हणाली. "आई गेल्यावर चार दिवसांनी मला म्हणाले, आशे, खाट मीच मागितली गं. तेव्हापासून हे सुरू झालं."

त्यानंतर मी जिन्यातल्या पोरांना एकदा झापलं. माझं हसणं मात्र लगेच थांबलं असं म्हणता येणार नाही.

अश्विनी पहिल्या वेळेला गरोदर राहिली, तेव्हा रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी आली. घर वन बीएचके. तात्या हॉलमध्ये आणि ती आतल्या खोलीत. त्या दोन महिन्यांत तात्या मला प्रथमच मोकळे दिसले. आई नसलेल्या मुलीचं बाळंतपण एकटा पुरुष काढणार म्हणून बायका कुजबुजत होत्या, पण त्यांनी डिंक, अळीव, सगळं डब्यांत भरून ठेवलं होतं. नवव्या महिन्यात एका सकाळी अश्विनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, कालपासून शांत आहे. झोपलं असेल ना?" आम्ही रिक्षानं स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीच्या खोलीतून डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी आधी दार लोटून घेतलं. तेवढ्यावरून मला कळलं. नाळेला पीळ पडला होता. कोणाच्या हातात काही नव्हतं, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

महिन्याभरानं अश्विनी सासरी गेली. तात्यांनी ती राहिली होती त्या आतल्या खोलीला कुलूप लावलं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "खोली पड ठेवलीय." शेतकरी थकलेली जमीन पेरल्याशिवाय तशीच सोडतो, तिला पड म्हणतात. "किती दिवस?" तर म्हणाले, "बगू." कपड्यांचं कपाट आत राहिलं होतं. ते दोन शर्टांवर भागवू लागले.

दोन वर्षांनी अश्विनीला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना सरला तशी सासूबाईंनी फोनवर तात्यांना सांगितलं, पहिलं हाती आलं नाही, म्हणजे हेच पहिलं धरायचं, आणि पहिलं माहेरीच व्हायला हवं. त्यात त्यांची काही दुष्टाई नव्हती, आमच्याकडे असंच असतं. अश्विनीलाही यायचं होतं. नवरा प्रशांत शिफ्टमध्ये, सासूबाई गुडघ्यांनी बेजार. पण तात्या कारणं सांगू लागले. पाणी एक दिवसाआड येतंय. बिल्डिंगला प्लास्टर चाललंय, धूळ फार. माझं बीपी. एका कारणाला उत्तर मिळालं की दुसरं काढायचे. शेवटी अश्विनीचा मला लॅबमध्ये फोन आला.

"मावशी, बाबांना मी नकोशी झालेय का? खरं सांगा. मागच्या वेळी त्यांना त्रास दिला म्हणून?"

ती रडत होती. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी घरी पर्ससुद्धा न ठेवता मी तडक मागे गेले. तात्या चवळी तोडत होते.

"तात्या, मुलीला घरात घेत नाही, हे काय चाललंय? पाण्याची कारणं मला सांगू नका. पाणी माझ्याही नळाला येतं."

त्यांनी शेंगा टोपलीत ठेवल्या. बराच वेळ त्या नीट लावत बसले.

"त्या खोलीचा बेवड वाईट हाय, ताई."

मला आधी कळलंच नाही. मग उलगडलं. हा माणूस मुलीला टाकत नव्हता. वाफ्यात तेच पीक पुन्हा लावायला घाबरत होता.

मग मी माझ्या परीनं त्यांना फैलावर घेतलं. नाळेचा पीळ आणि खोली यांचा काय संबंध? भिंतींना काय समजतं? या खेपेचे सगळे रिपोर्ट माझ्या हाताखालून गेलेत, हिमोग्लोबिन उत्तम, शुगर नाही, सगळं व्यवस्थित आहे. तात्या मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"म्हंजी या टायमाला काय व्हनार न्हाय? तुमी सांगताय?"

मी तोंड उघडलं. वीस वर्षं मी एकच उत्तर शिकलेय, डॉक्टरांना दाखवा. सांगते, काही होणार नाही, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. तो मला घेता आला नाही.

तात्यांनी मान हलवली. जिंकल्यासारखी नाही. उलट, मी हो म्हणायला हवं होतं असं त्यांना वाटत असावं. "बगा," म्हणाले, "तुमालाबी भ्या वाटतंय."

मला इतका राग आला की मी तशीच वर निघून आले. राग यायचं कारण उघड होतं, त्यांचं म्हणणं खरं होतं. पुढच्या आठवड्यात अश्विनी रक्त द्यायला लॅबमध्ये आली, तेव्हा गेल्या गरोदरपणात तिला जिथे बसवलं होतं ती खुर्ची मी पायानं मागे सरकवली आणि आतून दुसरी आणली. साईंनी विचारलं, क्या हुआ, खुर्ची टूटी है क्या? मी हो म्हणाले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तात्यांनी पलीकडे, बदलापूर पश्चिमेला, एका दवाखान्यात तिचं नाव घातलं. पहिल्या दवाखान्याच्या रस्त्याकडेसुद्धा ते बघत नसत. प्रशांतला सांगून अंबरनाथलाच एक बाई ठेवायची, दोन वेळा डबा मी पोचवतो, असा त्यांचा बेत होता. सगळ्यांनी मुकाट्यानं तो मान्य केला आणि मग आठव्या महिन्यात एका दुपारी अश्विनी बॅग घेऊन रिक्षातून उतरली. कोणाला न सांगता. मी गच्चीवरून पापड काढून उतरत होते, जिन्याच्या खिडकीतून ती दिसली. घरी न जाता ती थेट मागे गेली. मी पापडाची परात घेऊन तिच्या मागे गेले. भोचकपणा म्हणा हवा तर.

तात्या वेलाला काठी लावत होते. तिला पाहून काठी सोडून उभे राहिले.

"आशे, तू? एकटी? आसं कसं..."

"बाबा, मी आले."

"घरी प्लास्टर..."

"मला मावशींनी सांगितलंय," ती म्हणाली. ती बांधावर बसली, पोटाखाली हात धरून, हळूच. "बेवडाचं सगळं सांगितलंय. तुम्ही खोलीला भिताय ना? एका जागी दोनदा नको म्हणून?"

तात्यांनी पडलेली काठी उचलली.

"मग मी काय करू? बाळ त्याच जागी आहे, बाबा. मागचं होतं तिथेच. खोली बदलाल, दवाखाना बदलाल. माझ्याकडे दुसरी जागा आहे का? मी ती कुठून आणू?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखर विचारत होती. "रात्रंदिवस मी त्याच जागेला धरून बसलेय. मला नाही पळता येत. आणि तुम्ही मला म्हणताय, तिकडेच थांब, एकटी."

मी तात्यांकडे बघू शकले नाही. मी परातीतल्या पापडांकडे बघत होते. त्यांच्या नियमाचं टोक कुठे जाऊन लागतं हे त्यांना तोवर दिसलंच नव्हतं. आणि दिसलं ते तिच्या तोंडून. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच मातीत मटकन बसलेलं पाहिलं. नुकत्याच उगवलेल्या मेथीवर बसले, आणि त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मग उठले, बॅग उचलली. वर गेल्यावर खिशातून किल्ली काढली. ती किल्ली ते दोन वर्षं अंगावर बाळगत होते हे मला तेव्हा कळलं. कुलूप गंजलं होतं, उघडेना. खोबरेल घातलं, तेव्हा उघडलं. दार ढकललं मात्र त्यांनी नाही. ते अश्विनीनं ढकललं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या घरात पुढचे पाच आठवडे जी भीती राहायला आली, तशी मी पेशंटांच्या घरीसुद्धा पाहिलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवण झालं की बाळाची हालचाल मोजा, दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. अश्विनी पलंगावर बसायची, शेजारी स्टीलची वाटी आणि ओंजळभर चवळी. बाळ हललं की एक दाणा वाटीत. टण. तात्या स्वयंपाकघरात भाकरी थापत असले तरी हात थांबवून तो आवाज ऐकायचे. रेडिओ बंद झाला. कुकरची शिटी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजू लागली. मी जिन्यानं जाताना त्यांच्या दाराशी पाय आपोआप हळू व्हायचे. टण ऐकू आलं की मी पुढचा जिना चढायचे. नाही आलं तर उगाच चपलेचा बंद ठीक करत थांबायचे.

दहावा दाणा पडला की तात्या आत जाऊन वाटी उपडी करायचे, बोटानं दाणे मोजायचे आणि परत तिच्या उशाशी ठेवायचे. "झाले," एवढंच म्हणायचे. लगेच पुढच्या जेवणाची तयारी. दाढी वाढली होती, सलूनचा फेरा मोडला होता. मागे वाफ्यांत गवत माजलं. दोडके वेलावरच जून होऊन वाळले. पालेभाजी काढून वेल लावायचा हंगाम आला तसा निघून गेला आणि तात्यांनी खाली पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी एकदा म्हटलं, निदान गवत काढून घेऊ का? ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माझं ध्यान तिकडं गेलं तर हिकडं काय व्हईल."

तो रविवार होता. दुपारचे चार वाजले असतील. माझी बेल वाजली नाही, दारावर थाप पडली. तात्या. हातात वाटी.

"ताई, दोनच हायत."

मी वाटीत पाहिलं. तळाला चवळीचे दोन दाणे.

"किती वेळ झाला?"

"दीड वाजता जेवली. गोड खायला दिलं, डाव्या कुशीवर झोपवली, गार पाणी दिलं. दोनच हायत, ताई."

मी पर्स घेतली, अश्विनीला धरून खाली आणलं. ती माझ्या मनगटात नखं रुतवत होती. समोरच रिक्षा मिळाली. आत बसलो. रिक्षावाला म्हणाला, "बोला, कुठे?"

मी तात्यांकडे पाहिलं. नाव घातलेला दवाखाना पश्चिमेला. पुलावर रविवारची गर्दी, म्हणजे अर्धा तास कुठेच गेला नाही. पहिला दवाखाना पाच मिनिटांवर. मला तो म्हणायचा होता, पण जीभ रेटेना. ती खोली, ते लोटलेलं दार, सगळं माझ्याच डोळ्यांपुढे नाचत होतं. मग त्यांचं काय होत असेल?

"स्टेशनजवळच्या," तात्या म्हणाले. "पैल्याच."

"बाबा..." अश्विनी म्हणाली.

"जवळचा हाय," ते म्हणाले. आणि मग रिक्षावाल्यावर ओरडले, "आरं, हाण की!" मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. सबंध रस्ताभर त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटत होता. त्यांना तो थांबवता येत नव्हता.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. मी बरोबर गेले, लॅबवाली म्हणून सिस्टरनं अडवलं नाही. तात्या हिरव्या पडद्याच्या बाहेर थांबले. पोटाला पट्टा बांधला, गार जेली लावली, मशीन सुरू केलं. नुसती खरखर. सिस्टरनं पट्ट्यातली ती ठोके टिपणारी डबी थोडी डावीकडे सरकवली. खरखर. खाली दाबली. खरखर. अश्विनी छताकडे बघत होती. पडद्याखालून मला तात्यांच्या चपला दिसत होत्या, एकमेकींना अगदी जुळवून ठेवलेल्या. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वेळी मी ज्यांची नावं आठवली ती सगळी घेतली.

सिस्टरनं डबी उजवीकडे, पार कुशीपाशी नेली आणि एकदम खोली भरून गेली. टपटप टपटप टपटप, कोणीतरी जिवाच्या आकांतानं पळतंय असा आवाज. "हा काय," सिस्टर म्हणाली, "लपून बसलाय!" अश्विनी हसली आणि लगेच रडायला लागली.

जीव टांगणीला लावून ठेवणं मला पसंत नाही, म्हणून सांगून टाकते. डॉक्टरबाई म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, पण मागचा इतिहास बघता आता वाट बघायला नको. दोन दिवसांनी सिझेरियन केलं. मुलगी झाली, पावणेतीन किलोची आणि भयंकर रडकी. पुढे प्रशांतनं वांगणीला फ्लॅट घेतला आणि तात्यांना तिकडे नेलं. माझं जाणं होत नाही. फोनवर ऐकते की म्हातारा नातीला मांडीवरून खाली ठेवत नाही, आणि ती झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघतो.

पण मला तात्या दिसतात ते पडद्याशी. आवाज सुरू झाल्यावर ते न विचारताच आत आले होते. पुढे यायचं धाडस होत नव्हतं, मागे जायचं नव्हतं, म्हणून एका हातानं पडदा मुठीत धरून तिथेच उभे. वाढलेली पांढरी दाढी, शर्टाला पिठाचे हात पुसलेले. आनंद वगैरे काही चेहऱ्यावर नव्हतं. मान किंचित वाकडी करून ते ऐकत होते. वीस मिनिटं झाली, कागदाची पट्टी निघाली. सिस्टर पट्टा सोडवायला वाकली.

"झालं काका. सगळं छान आहे. बंद करते आता."

"नको," तात्या म्हणाले.

"अहो, टेस्ट संपली."

"संपू द्या. पर बंद नका करू, बाई." पडदा त्यांनी आणखी घट्ट धरला. "ते बंद झाल्यावं मला कसं कळंल?"